सावर्ड्याची ‘रिकामी’ कॅसेट

मी एकदा ‘आणून देते’ म्हटलं की आणून देते, हे आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तू माझ्याकडे असतेच असं नाही, हेही आता काहींना ठाऊक झालंय.

आमचा गट म्हणजे फोनवर जमलेली चाळीसेक वेडी माणसं. आम्ही गाण्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज जमवतो आणि एकमेकांना देतो. शास्त्रीय सोडून काहीही चालतं. लावण्या, भावगीतं, कोळीगीतं, जात्यावरच्या ओव्या, निवडणुकीत रिक्षावर वाजलेली गाणीसुद्धा. एका डॉक्टरांनी दोनदा भैरवीचा ख्याल टाकला, तेव्हा त्यांना आठ दिवस गटाबाहेर बसवलं होतं. माझं कोल्हापुरात चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत चष्मे, मागच्या खोलीत अकराशे कॅसेटी. माझ्या नवऱ्याच्या मते हे उलटं झालं असतं तर धंदा बंद पडला असता.

तर या गटात गेल्या पावसाळ्यात वेळणेश्वरची सुनीता आली. तिथे समुद्राजवळ तिची खानावळ आहे. तिनं एकच निरोप टाकला. ‘माझे वडील धाकू शाहीर. जाखडीला गायचे, तुरेवाले. मी चार वर्षांची असताना त्यांनी सावर्ड्याला शेवटची बारी केली. पुढच्या शिमग्याच्या आत ते गेले. गावात अजून बोलतात की त्या बारीत ते पडले, त्यांना जबाब देता आला नाही. मला त्यांचा आवाज आठवत नाही. कोणाकडे आहे का?’

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाखडी नाचतात. पायात चाळ बांधलेले गडी गोल धरतात आणि मधे शाहीर गातो. शाहिरांचे दोन पक्ष. शक्तीवाले म्हणतात, जग आदिमायेनं निर्माण केलं. तुरेवाले म्हणतात, शिवानं. दोघे समोरासमोर आले की ती बारी. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर तो शाहीर पडला, आणि पडलेल्याचं नाव पोराबाळांपर्यंत पुरतं.

मी सुनीताला लिहिलं, ‘आहे. दिवाळीनंतर आणून देते.’

माझ्याकडे धाकू शाहिरांचा ‘ध’सुद्धा नव्हता. पण मी हिशेब केला होता. पस्तीस वर्षांपूर्वीची बारी, म्हणजे कॅसेटचा जमाना. त्या काळी प्रत्येक बारीला पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसणारे दोन-चार दर्दी असायचेच. दर्दी माणूस कॅसेट टाकून देत नाही. तेव्हा ती कुठेतरी असणार, आणि असेल तर मी काढणार.

हातखंबा

आंबा घाट उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. खालची भातं कापून झाली होती आणि खळ्याखळ्यात पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा जन्म जातो. इथे रस्ता इतका मोकळा होता की मी गाडीत मोठ्यानं गात सुटले.

मागच्या सीटवर माझा टेप डेक होता. पंचवीस वर्षांचा आहे. प्रवासात मी त्याला गोधडीत गुंडाळते आणि वर सीटचा पट्टा लावते. हातखंब्याच्या नाक्यावर चहाला थांबले, तर चहावाल्यानं काचेतून आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पोर झोपलंय काय वो? काच वायच उघडी ठेवा, गुदमरंल.”

टेप आहे म्हटल्यावर तो जरा वेळ माझ्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “टेपच्या गोधडीवर यवडा कशिदा?” कशिदा माझ्या सासूबाईंनी केलेला. मी तो विषय तिथेच सोडला.

रत्नागिरी

तुरेवाल्यांचा जुना रेकॉर्डिंगवाला कोण, एवढं मी फोनाफोनी करून शोधून ठेवलं होतं. रत्नागिरीतले विनूकाका. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, कॅसेटी नंबर घालून लोखंडी कपाटात. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या आणि प्रत्येक कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी चढते, म्हणून ही काळजी. मी खूश झाले. असा माणूस भेटला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

काकूंनी घावणे केले होते, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात वाढताना त्याचं ‘नको’ ऐकूच येत नाही. इथे काकूंनी एकदा विचारलं, मी मानभावीपणानं ‘पुरे’ म्हटलं आणि काकू खरोखर आत निघून गेल्या. तीनच घावण्यांवर उठावं लागलं. मुलखाच्या रीती आधी विचारून घ्याव्यात, हे तेव्हा कळलं.

“सावर्ड्याची बारी म्हणताय ना? मी होतो पुढ्यातच,” विनूकाका म्हणाले. “पण एक ध्यानात घ्या बाई. आमी पूर्ण बारी कधी रेकॉर्ड करायचो नाय. आपला शाहीर गातोय तवर चालू. समोरचा उभा राहिला की बटण बंद. त्यांचं गाणं आपल्या टेपवर कशाला?”

“आणि शक्तीवाले?”

“त्यांचं तसंच. उलट्या बाजूनं.”

मी कपाळाला हात लावला. म्हणजे उभ्या जिल्ह्यात सवाल एका घरात आणि जबाब दुसऱ्या घरात. भांडण ऐकायचं तर दोन गावं फिरावी लागणार. पण मला तूर्त जबाबच हवा होता, आणि तो याच कपाटात असायला हवा होता.

त्यांनी कॅसेट काढली. मी डेक लावला. आतून भजन सुरू झालं. दुसरं भजन, तिसरं भजन. मी काकांकडे बघितलं, काका खिडकीबाहेर आंब्याच्या कलमांकडे बघत होते.

“पुसलीत?” मी विचारलं.

“पुसली. वर भजनं भरली.”

“ते पडले म्हणून?”

“पडला असता तर बरं होतं हो!” काका एकदम चिडले. पस्तीस वर्षांनीसुद्धा चिडले. “पडला नाय. जबाब दिला त्यानं. पण जबाबात आपल्या तुऱ्याची बाजूच घेतली नाय! दोन्ही पक्षांना बाजूला ठेवून तिसरंच कायतरी गायला. अशानं पक्ष राहील काय? शक्तीवाल्यांनी उठवलं की पडला, आणि आमच्यातलं कोण बोललं नाय. मी पण नाय बोललो.”

“शब्द काय होते?”

“रागात ऐकलेलं राहतंय कुठं,” ते म्हणाले.

मी हट्टानं कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. चौथ्या आणि पाचव्या भजनाच्या मधे एक फट राहिली होती. भरताना काकांनी बटण जरा उशिरा दाबलं असणार. त्या फटीत खालचं जुनं रेकॉर्डिंग शिल्लक होतं. कोणीतरी घसा खाकरला, आणि म्हणाला, “हां.”

“धाकूच,” काका हळूच म्हणाले. “गायच्या आधी तसाच खाकरायचा.”

दोन सेकंद. मी ते फोनवर उतरवून घेतलं. निघताना काकांनी आपणहून सांगितलं की शक्तीवाल्यांच्या बाजूनं त्या दिवशी सावर्ड्याचा महादेव टेप घेऊन बसला होता. पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान आहे त्याचं. पण तो देणार नाही, आणि दिलंच तरी त्यात धाकू नसणार, कारण धाकू उभा राहिल्याबरोबर महादेवानं बटण बंद केलं असणार. मी म्हटलं, तुमच्यासारखा त्याचाही अंगठा उशिरा पडला असेल तर दोन शब्द तरी मिळतील. काका हसले नाहीत, पण रस्त्यापर्यंत सोडायला आले.

वेळणेश्वर

जयगडला फेरीबोटीची वाट बघताना जरा मन रमवावं म्हणून मी धक्क्यावरच्या टपरीतून वीज मागून डेक लावला. डेकची मोटार घुं घुं करते आहे आणि आतली चाकं जागची हलत नाहीत. झाकण काढून बघते तर आतला रबरी पट्टा वितळून काळं डांबर झालेला. माझी बोटं, ओढणी, सासूबाईंची गोधडी, सगळ्यावर काळे ठसे उमटले. बोटीवर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी मला रॉकेलचा बोळा दिला आणि तोंडानं चक् चक् केलं. इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला त्यानं नेमकं इथे दगा दिला.

सुनीताची खानावळ देवळाकडून समुद्रावर जाणाऱ्या वाटेला आहे. चार टेबलं आणि मागे माड. ती चाळिशीला आलेली, बारीक अंगाची, बोलायला मोकळी. मला बघताच तिनं आधी हात पुढे केले, मग माझे डांबरलेले हात बघून खोबरेल आणायला पळाली. मी तोंड उघडायच्या आत ताट आलं. ताजा बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. कोल्हापुरात आम्ही रश्श्यात मासा बुडवून मारतो. इथे त्याला नुसतं मीठ-हळद-तिखट लावलं होतं आणि तो माशासारखाच लागत होता. हे मी कोल्हापुरात बोलणार नाही.

जेवण झाल्यावर ती समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. पुसलेली कॅसेट, वरची भजनं, विनूकाका, सावर्ड्याचे महादेव. “ते पडले नव्हते, हे नक्की. पण शब्द कोणाला आठवत नाहीत. आणि आवाज… एवढाच मिळाला.” मी फोन तिच्या हातात दिला.

खाकरणं. “हां.”

तिनं पुन्हा लावलं. मग उठून आत गेली. आत मासे तळायचा आवाज आणि त्यात मधे मधे “हां”. पुन्हा “हां”. मी बाहेर बसून मोजायचं सोडून दिलं. बढाया मारून इतके महिने जिला आशेला लावलं, तिच्या हातावर आपण एक खोकला ठेवला, याची मला खरोखर लाज वाटली. माझ्यासारख्या बाईला ती सहसा वाटत नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “आई म्हणायची, बाबा घरात यायच्या आधी असे खाकरायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं आई काहीतरी सांगते.” मग पदराला हात पुसून म्हणाली, “ताई, सावर्ड्याला मी पण येते. ते पडलेले असले तरी चालतील मला. पण एक ओळ तरी ऐकायचीय.”

सावर्डे

दुसऱ्या दिवशी सुनीतानं खानावळीवर ‘आज बंद’ची पाटी लावली आणि आम्ही सकाळीच निघालो. वाटेभर तिच्या वाटचंही मीच बोलले.

महादेवांचं दुकान बाजारपेठेत आहे. दारात पाण्याच्या जळक्या मोटारी, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी, भिंतीवर एका फळीवर कॅसेटींची रांग. साठीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, आणि चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. धंद्यातली असल्यामुळे माझी नजर आधी काडीवर गेली.

मी सरळ विषयाला हात घातला. कोण, कुठली, कशासाठी आले. सुनीता कोण हे मुद्दाम आत्ता सांगितलं नाही. आमच्या गटाच्या रीतीप्रमाणे बदल्यात माझ्याकडचं एक तमाशाच्या फडातलं रेकॉर्डिंग द्यायची तयारी दाखवली. ते मी आजवर कोणाला दिलेलं नाही.

“नाय,” ते म्हणाले.

“एकदा ऐकवा तरी.”

“नाय. गुरूला शब्द दिलेला हाय. आमची गाणी तुरेवाल्याच्या दारात जायची नायत.” मग माझ्या काळ्या बोटांकडे बघून विचारलं, “पट्टा गेला काय टेपचा?”

कोल्हापुरात अशा वेळी माणूस ‘घेऊन जा की!’ म्हणतो आणि पुढे सहा महिने फोन उचलत नाही. इथे नकार आधी आला होता, आणि माणूस मात्र उठून माझ्या गाडीकडे चालला होता. डेक उचलून त्यांनी टेबलावर घेतला. स्पिरिटच्या बोळ्यानं चाकांवरचं डांबर पुसलं. बिस्किटाच्या डब्यातून पाच-सहा पट्टे काढून एकेक ताणून पाहिला.

“माझा टेप कवाच मेला,” ते काम करता करता म्हणाले. “मुंबयसून आणलेलो. धा-बारा वर्सं झाली, आयकलं नाय कायच.”

तेवढ्यात सुनीता म्हणाली, “काका, मी धाकू शाहिरांची मुलगी.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं. पट्टा बसवून झाला, झाकण लागलं.

“चालतोय का बगाया कायतरी लावाया हवं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. फळीवरच्या रांगेला त्यांनी हातच लावला नाही. टेबलाचा खालचा खण ओढला, तारांच्या खालून एक कॅसेट काढली. वर शाईनं लिहिलं होतं, ‘रिकामी’.

मी निमूटपणे माझा रेकॉर्डर जोडला. त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आधी शक्तीचा शाहीर आला, पहाडी आवाज, खाली मृदंग आणि चाळांचा ठेका:

*आई नव्हती जगात तेव्हा, सांग रे तुरेवाल्या,*
*बाप कुणाचा झाला तुझा, सांग रे तुरेवाल्या!*

लोकांचा जल्लोष. शिट्ट्या. इथे आता बटण बंद व्हायला हवं होतं. माझं सगळं लक्ष त्या ‘खट्’कडे लागलं होतं.

ते आलं नाही. जल्लोष ओसरला. कोणीतरी खाकरलं आणि म्हणालं, “हां.” सुनीतानं माझं मनगट धरलं.

*आधी नव्हती आई दादा, आधी नव्हता बाप,*
*पाळण्यामधी पोर रडलं, दोघं झाली आपोआप.*
*घरी माझी लेक सुनी, चार वर्सांचं पोर,*
*तिनं मला बाप केलं, मी कसला शाहीर थोर!*

आवाज फार मोठा नव्हता. जरा घोगरा, घाई नसलेला. शेवटच्या ओळीवर मृदंग थांबला आणि सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत, माइकच्या अगदी जवळून, एक कोवळा पुरुषी आवाज ओरडला, “वाऽऽ! वा रे शायरा!” आणि मग खट्.

सुनीता रडत होती, अगदी उघड. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुकानात मोटार दाखवायला आलेला एक शेतकरी दारातूनच परत गेला.

महादेव खाली बघत होते. “बटण दाबायचा इसरलो,” ते म्हणाले. “आंगठा बटणावरच हुता. पण तो जबाब आयकला आनि… त्यो वा वा करतोय तो मीच. आमच्या शायराच्या पुढ्यात बसून मी समोरच्याला दाद दिलेली. कुनी आयकलं असतं तर मंडळातनं काडला असता मला. म्हनून वर रिकामी लिवलं. पुसवली मात्र नाय कदी.”

“आणि गुरूला दिलेला शब्द?” मी विचारलं. गप्प बसणं मला जमत नाही.

“तो आमच्या गान्याचा. ह्या आमचं नाय. ह्या हिचं हाय.” त्यांनी सुनीताकडे मान हलवली. “न्या तुमी. सवाल वगळा. आनि येक करा बाय, शेवटचं माजं वरडणं तेवडं कापून टाका.”

कापाकापीत मी पटाईत आहे. खरखर, खोकले, मधे बोलणारी माणसं, सगळं सफाईनं काढते. गटात माझं त्यासाठीच नाव आहे. मी ‘हो’ म्हणणार तोच सुनीता डोळे पुसून पुढे झाली.

“काका, नको. सवाल काढा तुम्ही, तुमचा शब्द राहू दे. पण ती दाद राहू दे. गावात पस्तीस वर्षं म्हणतात की माझे बाबा पडले. त्यांच्या पक्षाचं कोणी बोललं नाही. समोरच्या पक्षाचा माणूस ‘वा’ म्हणाला, एवढीच तर साक्ष आहे माझ्याकडे.”

महादेवांनी कॅसेट बाहेर काढली. उलटसुलट केली. खिशातलं पेन काढून ‘रिकामी’वर एक रेघ मारली, आणि मग पेन तसंच लेबलावर टेकवून धरलं. बाहेरून महामार्गावरचे ट्रक जात होते. काय लिहावं ते त्यांना सुचत नसावं असं मला वाटलं, म्हणून मी नाव सांगायला तोंड उघडलं.

“थांबा वो,” ते म्हणाले. “तुमच्या त्या फोनवर गान्याखाली नावं लिवता ना, कोन गायला, कोन वाजवला?”

“लिहितो.”

“मग वरडला कोन तां पन लिवा.”

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात पोचल्यावर मी ते रेकॉर्डिंग गटात टाकलं आणि विनूकाकांनाही पाठवलं. ‘हां’पासून ‘खट्’पर्यंत, मधलं काही न कापता. तासाभरात विनूकाकांचा फोन आला. ते आधी नुसते घसा खाकरत राहिले, आणि मग म्हणाले, परत एकदा पाठवा. रेकॉर्डिंगच्या खाली मी लिहिलं आहे: ‘जबाब, धाकू शाहीर, तुरा. बारी सावर्ड्याची. दाद, महादेव, शक्ती.’